केंब्रिज विद्यापीठाचा बोट क्लब: १८२८ पासूनचा इतिहास, वल्ही, बोटी आणि भरतीचे गणित

पाणकोळी

विद्यापीठाच्या संघांना जगभर 'व्हार्सिटी टीम' म्हणतात. हा शब्द 'युनिव्हर्सिटी'च्या जुन्या इंग्रजी उच्चाराचा शेपटाकडचा तुकडा आहे, आणि तो रूढ झाला ऑक्सफर्ड-केंब्रिजमुळे. या दोघांचा क्रिकेटचा सामना १८२७ पासूनचा आणि रग्बीचा १८७२ पासूनचा. पण दोन्ही विद्यापीठांची खरी चुरस पाण्यावर. म्हणून हा धागा फक्त केंब्रिजच्या बोट क्लबवर काढतोय.

क्लबची स्थापना १८२८ ची. ऑक्सफर्डचा क्लब त्यानंतर, १८३९ मध्ये झाला. मार्च १८२९ मध्ये केंब्रिजने ऑक्सफर्डला आव्हानाचे पत्र धाडले. त्यामागे हॅरो शाळेतले दोन मित्र होते, केंब्रिजचा चार्ल्स मेरिव्हेल आणि ऑक्सफर्डचा चार्ल्स वर्डस्वर्थ. १० जून १८२९ ला हेन्लीला शर्यत झाली आणि ऑक्सफर्ड जिंकले. आदल्या वेळी हरलेल्याने जिंकलेल्याला आव्हान द्यायचे, ही पद्धत आजही चालू आहे.

दुसरी शर्यत १८३६ ला, लंडनमध्ये थेम्सवर वेस्टमिन्स्टर ते पटनी. केंब्रिजच्या बोटीच्या टोकाला फिकट निळी फीत बांधली गेली ती याच वर्षी. वेस्टमिन्स्टरला नदीवरची वाहतूक इतकी वाढली की १८४५ मध्ये शर्यत वर सरकवून पटनी ते मॉर्टलेक केली. १८५६ पासून ती दरवर्षी होते. दोन महायुद्धे आणि २०२० एवढाच खंड. २०२१ मध्ये ती थेम्सऐवजी ईलीजवळ ग्रेट ऊझ नदीवर घेतली. २०२५ पर्यंत पुरुषांच्या १७० शर्यती झाल्या: केंब्रिज ८८, ऑक्सफर्ड ८१ आणि १८७७ ची एक बरोबरीत.

माझे म्हणणे आधीच मांडतो, म्हणजे चर्चा भरकटणार नाही. या क्लबच्या इतिहासात वर्षानुवर्षे चाललेल्या हारजितीच्या लाटा आहेत, आणि प्रत्येक लाट कुठल्या तरी तांत्रिक किंवा प्रशिक्षणाच्या बदलाने फिरली आहे. त्या वर्षी धिप्पाड पोरे मिळाली म्हणून जिंकले, हे स्पष्टीकरण अपुरे आहे.

शिवाजीनगरकर

उत्तम विषय. एक शंका. वर्षातून एकच मोठी शर्यत, तीही एकाच प्रतिस्पर्ध्याशी. मग आठ जण निवडतात कसे? फळीतल्या फलंदाजाच्या धावा तरी मोजता येतात. एका बोटीत आठ जण एकत्र ओढत असताना कोण किती ओढतोय हे कळणार कसे?

वल्हेकरी

शिवाजीनगरकर, पाया कॉलेजांच्या क्लबांत आहे. कॅम नदी इतकी अरुंद की दोन बोटी शेजारी-शेजारी नीट पळवता येत नाहीत. म्हणून तिथे 'बंप्स' चालतात. बोटी एकामागे एक, मध्ये साधारण दीड बोटीचे अंतर. तोफेचे तीन बार होतात: चार मिनिटे आधी, एक मिनिट आधी आणि सुटायचा. पुढच्या बोटीला धडकलात की दुसऱ्या दिवशी तुम्ही तिच्या जागी. लेंट बंप्स हिवाळ्याच्या शेवटी आणि मे बंप्स, नावात मे असला तरी, जूनमध्ये. आपल्या रँग्लर परांजप्यांच्या सेंट जॉन्स कॉलेजचा बोट क्लब, लेडी मार्गारेट, १८२५ चा आहे. 'ब्लेझर' हा शब्द त्यांच्याच भडक लाल कोटांवरून आला असे मानतात.

विद्यापीठाच्या संघाची निवड सप्टेंबरपासून चालते. आधी रोइंग मशीनवर २००० आणि ५००० मीटर. यात इंजिन किती मोठे ते कळते, पण बोट पुढे जाते का ते कळत नाही. डिसेंबरमध्ये 'ट्रायल एट्स', म्हणजे आपल्यातल्याच दोन बोटी लंडनच्या खऱ्या मार्गावर लढवायच्या. त्यानंतर 'सीट रेसिंग'. तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे:

चौघांच्या दोन बोटी घ्यायच्या. दोन्हीकडे वल्ह्यांचा वेग ठरलेला, समजा मिनिटाला ३२ फटके. तीन-चार मिनिटांची एक फेरी. समजा पहिली बोट बोटीच्या एका लांबीने पुढे राहिली. आता दोन्हींतला एकेकच माणूस अदलाबदल करायचा आणि तशीच फेरी पुन्हा. या वेळी पहिली बोट अर्ध्या लांबीने मागे पडली, तर फरक दीड लांबीचा. तो सगळा त्या दोन माणसांतला.

कागदावर सोपे आहे, पाण्यावर पुष्कळ बिघडते. दोन फेऱ्यांत वारा फिरला तर हिशेब वाया. एखाद्या बोटीने वेग ३२ वरून ३४ केला तर निकाल खोटा. पाचव्या-सहाव्या फेरीला सगळे थकलेले असतात, तेव्हा दमदार माणूस कुशल माणसापेक्षा उजवा दिसतो. म्हणून एका दिवसाच्या सीट रेसिंगवर विसंबत नाहीत. त्याच जोड्या दुसऱ्या हवामानात पुन्हा घेतात.

उरलेल्या आठांची दुसरी बोट बनते. केंब्रिजची 'गोल्डी', ऑक्सफर्डची 'आयसिस'. गोल्डी हे नाव जॉन गोल्डीवरून. ऑक्सफर्ड १८६१ पासून सलग नऊ वेळा जिंकले होते, ती माळ १८७० मध्ये याने तोडली.

उधाण

मार्गाबद्दल लिहितो, कारण कोकणातल्या माणसाला हे लगेच कळेल.

अंतर ४ मैल ३७४ यार्ड, म्हणजे ६.८ किलोमीटर. शर्यत नदीच्या वरच्या दिशेला, पण भरतीच्या पाण्यावर. भरती पूर्ण व्हायच्या साधारण दीड तास आधी बोटी सोडतात, कारण तेव्हा आत शिरणारे पाणी सर्वांत जोरात असते. तारीखही त्यावरूनच काढतात. उधाणाची भरती हवी, भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची कमी भरती, चालत नाही. शर्यत ईस्टरच्या आगेमागे येते हेही त्याला सोयीचे, कारण ईस्टर पौर्णिमेला बांधलेला. आपल्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, तो हिशेब तिथे लागू नाही. लंडन ब्रिजला पौर्णिमा-अमावस्येची भरती दोनच्या सुमारास लागते, उन्हाळी वेळ धरली तर तीनला. म्हणून शर्यत बहुधा दुपारी असते.

मार्ग उलटसुलट वळणांचा. आधी फुलहॅमचे वळण मिडलसेक्स किनाऱ्याच्या, म्हणजे उत्तरेच्या बोटीला फायद्याचे. मग हॅमरस्मिथ पुलापासून पुढचे लांबलचक वळण सरेच्या, म्हणजे दक्षिणेच्या बोटीला. शेवटचे, बार्न्स पुलाकडचे, पुन्हा मिडलसेक्सला. बाजू ठरते नाणेफेकीने, आणि नाणे १८२९ चे सोन्याचे सॉव्हरिन.

ज्याला नाणेफेक लागली तो वारा आणि स्वतःच्या संघाचा पिंड पाहून बाजू घेतो. जलद सुटणारा संघ मिडलसेक्स घेऊन पहिल्याच वळणात पुढे निसटायचे पाहतो. दमाचा संघ सरे घेतो, हॅमरस्मिथपर्यंत लटकून राहतो आणि मोठ्या वळणावर वसूल करतो. पण सरे घेऊन तिथपर्यंत पूर्ण बोटीने मागे पडलात तर वळणाचा उपयोग शून्य, कारण पुढचा तुमच्या पाण्यात येऊन बसतो.

आणि पाणी सगळीकडे सारखे धावत नाही. सर्वांत खोल पन्हळीत सर्वांत वेगवान, काठाला मंद. दोन्ही बोटींना तीच चिंचोळी पट्टी हवी असते. त्यामुळे वल्ही एकमेकांवर आपटतात. पंच मागच्या लाँचमधून झेंडा दाखवून विद्यापीठाचे नाव घेऊन ताकीद देतो: 'केंब्रिज!' म्हणजे केंब्रिजने बाजूला व्हायचे. ऐकले नाही आणि आपटाआपटीत नुकसान झाले तर बाद.

शिवाजीनगरकर

म्हणजे कॉक्स, बोटीचे सुकाणू धरणारा नववा माणूस, हा तांडेलच झाला.

उधाण

अगदी. आठ जण पाठमोरे बसलेले, पुढचे दिसते फक्त कॉक्सला. सुकाणूचे पाते जेमतेम तळहाताएवढे. ते जास्त फिरवले की बोट वळते खरी, पण ब्रेकही लागतो. चांगला कॉक्स सुकाणू थोडे, लवकर आणि वल्ही पाण्यात असताना देतो. वल्ही बाहेर असताना दिले तर बोट एका कुशीवर कलते आणि पुढचे दोन-तीन फटके सगळ्यांचे बिघडतात. केंब्रिजच्या बोटीत पहिली महिला कॉक्स १९८५ मध्ये बसली. त्याआधी १९८१ मध्ये ऑक्सफर्डने सू ब्राउनला बसवले होते.

पाणकोळी

बुडण्याचा इतिहास राहून जायला नको. १८५९ केंब्रिज. १९१२ ला दोन्ही बोटींत पाणी भरले. ऑक्सफर्डने काठाला लावून पाणी उपसले आणि पुन्हा निघाले, पण शर्यत रद्द धरून ती सोमवारी परत घेतली. १९२५ आणि १९५१ ऑक्सफर्ड. १९७८ केंब्रिज, बार्न्स पुलाजवळ. १९८४ मध्ये तर केंब्रिजची बोट शर्यत सुरू व्हायच्या आधीच उभ्या बार्जवर आदळली आणि शर्यत दुसऱ्या दिवशी झाली.

कारण नेहमी तेच. भरती वर चाललेली आणि वारा समोरून. वारा पाण्याविरुद्ध वाहिला की आखूड, उभ्या लाटा उठतात. बोट १७-१८ मीटर लांब, ६० सेंटिमीटरच्या आसपास रुंद, आणि पाण्याबाहेर कड वीतभर. लाट रिगरवर, म्हणजे वल्हे टेकवायच्या धातूच्या चौकटीवर, आदळून आत उडते. बोटीत पाणी साठले की ते नाळेकडून मागे आणि मागून पुढे हिंदकळते. मग वल्हे पाण्यातून सुटत नाही, वेग पडतो, वेग पडल्यावर आणखी पाणी येते.

उपाय: कडांना चिकटपट्टी लावून उंची वाढवायची, रिगरभोवती पाणी अडवणारे पडदे लावायचे आणि तळाशी विजेचे पंप बसवायचे. पंपाचे वजन फुकट वाहावे लागते, म्हणून शांत दिवशी ते काढायचा मोह होतो. २०१६ च्या महिलांच्या शर्यतीत केंब्रिजची बोट बार्न्सजवळ जवळपास पाण्याखाली गेली होती. पंप चालू ठेवून त्या शेवटपर्यंत पोचल्या. हरल्या, पण पोचल्या. त्या नऊ जणींचा मला फार आदर वाटतो.

चौथा नंबर

धागा छान, पण पाणकोळी, तुमचा मूळ मुद्दा पटत नाही. १९७६ ते १९९२ या १७ शर्यतींत ऑक्सफर्ड १६ जिंकले. केंब्रिजला फक्त १९८६ मिळाले. त्या काळात ऑक्सफर्डकडे अमेरिकेतून तयार, वजनदार खेळाडू येत होते. यात तंत्र कुठे आले?

वल्हेकरी

चौथा नंबर, १९८७ बघा. ऑक्सफर्डच्या अमेरिकन खेळाडूंनी निवडीवरून बंड केले आणि ते संघ सोडून गेले. उरली राखीव पोरे. वजनाने आणि नावाने केंब्रिज भारी. जिंकले ऑक्सफर्ड, चार लांबींनी. त्या दिवशी वारा भयंकर होता आणि ऑक्सफर्डचा कॉक्स सुटल्याबरोबर आडोशाच्या पाण्यात शिरला. माणसे आणणे हा ऑक्सफर्डच्या यशाचा एक भाग होता. दुसरा भाग डॅनियल टोपोल्स्की. १९७३ पासून त्यांनी सरावाचे तास वाढवले आणि थेम्सच्या खवळलेल्या पाण्याचा सराव हा तयारीचा कणा केला.

आता केंब्रिज परत कसे आले ते पाहा. १९९३ मध्ये त्यांनी नवे 'क्लीव्हर' पात्याचे वल्हे घेतले. जुने पाते दोन्ही बाजूंनी सारखे, ट्यूलिपच्या पाकळीसारखे. वल्हे पाण्यात तिरके शिरते, त्यामुळे जुन्या पात्याचा वरचा कोपरा पाण्याबाहेर राहायचा नाहीतर दांडा जास्त बुडायचा. क्लीव्हर खाटकाच्या सुऱ्यासारखे चौकोनी, एका बाजूला उतरलेले. ते पूर्ण आणि लवकर भरते. पात्याचे क्षेत्र मोठे, म्हणून दांडा साधारण ७-८ सेंटिमीटर आखूड केला तरी पकड तेवढीच मिळते. लाटांच्या पाण्यात आखूड वल्हे हाताळायला सोपे.

एकट्या वल्ह्याने जिंकले असे मी म्हणणार नाही. सरावाची घडीही तेव्हाच बदलली. पण १९९३ ते १९९९ सलग सात विजय, आणि १९९८ ची १६ मिनिटे १९ सेकंद ही वेळ अजून कुणी मोडलेली नाही.

पाणकोळी

जुन्या लाटाही अशाच आहेत. १८४६ मध्ये रिगर बोटीच्या कडेबाहेर आले, त्यामुळे बोट अरुंद करता आली. १८५७ मध्ये ऑक्सफर्डने कण्याशिवायची गुळगुळीत बोट आणली, आणि पुढे त्यांची १८६१ ते १८६९ ची नऊ विजयांची माळ आली. १८७३ मध्ये सरकती बैठक दोन्ही संघांकडे एकदमच आली, म्हणजे पाठीऐवजी मांड्यांची ताकद वापरता यायला लागली. पण वापरायची कशी हे कळायला वेळ गेला. ताठ पाठीने मागे झुकायचे हा जुना शिरस्ता चालूच राहिला.

केंब्रिजच्या जीझस कॉलेजचे ऑस्ट्रेलियन प्रशिक्षक स्टीव्ह फेअरबेर्न यांनी तो मोडला: लांब सरक, आधी पाय, आणि पाठ कशी दिसते यापेक्षा पाते पाण्यात काय करते ते पाहा. सनातनी मंडळींशी त्यांचे आयुष्यभर वाद झाले. केंब्रिजने १९२४ ते १९३६ सलग तेरा शर्यती जिंकल्या. त्याचे सगळे श्रेय फेअरबेर्न यांना देता येणार नाही, कारण विद्यापीठाच्या बोटीत दोन्ही पद्धतींची माणसे असत. पण वल्हवण्याच्या पद्धतीवर इतका कसून विचार त्या काळी केंब्रिजमध्येच चालू होता.

चौथा नंबर

१९८७ चा मुद्दा मान्य. क्लीव्हरबद्दल मात्र एक. ऑक्सफर्डलाही ते बाजारात मिळतच होते. पुढच्या वर्षांत दोघांकडे सारखी पाती असताना केंब्रिज जिंकत राहिले, म्हणजे प्रशिक्षणाचे पारडे जड धरावे लागेल.

वल्हेकरी

हे बरोबर. पहिल्या वर्षी पाते, नंतर प्रशिक्षण, असे म्हणू.

सायंतारा

महिलांबद्दल अजून कुणी नीट लिहिले नाही, म्हणून लिहिते. पहिली शर्यत १९२७ मध्ये ऑक्सफर्डला. बोटी शेजारी-शेजारी पळू दिल्या नाहीत. वेळ आणि 'शैली' यांवर निकाल लागला. केंब्रिजचा महिला क्लब १९४१ चा. १९७७ पासून शर्यत हेन्लीला, २००० मीटरची, सरळ पाण्यावर. २०१५ मध्ये ती पुरुषांच्याच दिवशी, त्याच ६.८ किलोमीटरच्या मार्गावर आली. हा बदल शारीरिक तयारीतही मोठा. सुमारे सात मिनिटांचा प्रयत्न आणि जवळजवळ वीस मिनिटांचा प्रयत्न यांचा सराव एकसारखा चालत नाही.

२०१७ मध्ये केंब्रिजने १८ मिनिटे ३४ सेकंदांचा विक्रम केला. त्या दिवशी ऑक्सफर्डच्या एका वल्हेकरीणीचे वल्हे सुरुवातीलाच पाण्यात अडकले. याला 'क्रॅब' म्हणतात. पाते चुकीच्या कोनात शिरले की पाणी ते खाली खेचते आणि मूठ पोटात घुसते. बोट थांबल्यासारखी होते. तेव्हापासून २०२५ पर्यंत केंब्रिजच्या महिला एकदाही हरलेल्या नाहीत. एकूण ४९-३०. २०२० मध्ये पुरुष, महिला आणि हलक्या वजनाच्या गटाचे क्लब एकत्र झाले. इतकी वर्षे वेगळा कारभार, वेगळा पैसा होता, तो प्रकार संपला. हे फार आधी व्हायला हवे होते.

चौथा नंबर

२०२५ ची पात्रतेची भानगडही नोंदवून ठेवू. शिक्षक-प्रशिक्षणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करणाऱ्या केंब्रिजच्या तीन विद्यार्थ्यांना बाहेर ठेवले गेले. ती पदवी नसून पदविका आहे असा आक्षेप होता. माझ्या मते विद्यापीठाने प्रवेश दिलेला पूर्णवेळ विद्यार्थी तो विद्यार्थीच. केंब्रिज त्यांच्याशिवायही दोन्ही शर्यती जिंकले.

शिवाजीनगरकर

पुण्यात सीओईपीच्या, म्हणजे अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, बोट क्लबची रेगाटा १९२८ पासून मुळेवर होते. इथली मुले हा धागा वाचत असतील. बोटीची मापे कशी लावतात तेवढे कुणी सांगाल का?

वल्हेकरी

आठ जणांच्या बोटीसाठी नेहमीची मापे: बोटीच्या मध्यरेषेपासून रिगरच्या खुंटीपर्यंत ८३ ते ८५ सेंटिमीटर. वल्ह्याचा आतला भाग, म्हणजे मुठीपासून कॉलरपर्यंत (दांड्यावरचे सरकवता येणारे कडे), त्यात ३० मिळवून साधारण ११४. क्लीव्हर वल्ह्याची पूर्ण लांबी ३७५ च्या आसपास. पात्याचा कल ४ अंश.

एका वेळी एकच माप बदला, तेही अर्धा-एक सेंटिमीटर. समोरचा वारा असेल तर फटका हलका करा. त्यासाठी कॉलर एक सेंटिमीटर बाहेर सरकवा, म्हणजे आतला भाग वाढतो आणि तरफ सोपी होते. कल कमी असेल तर पाते खोल जाते, जास्त असेल तर फटक्याच्या शेवटी वर निसटते. पण आधी खुंटी वाकलेली नाही ना ते तपासा. वाकलेल्या खुंटीवर कितीही मापे लावलीत तरी आकडा खोटाच येणार. आठही जागा मोजून कागदावर लिहा आणि सराव झाला की पुन्हा मोजा, नट सैल होतात.

उधाण

आणि पुढच्या वेळी शर्यत पाहाल तेव्हा पहिली दोन मिनिटे बोटींकडे न बघता मागे उरलेल्या भोवऱ्यांकडे बघा. प्रत्येक फटक्यानंतर पाते जिथून निघाले तिथे एक भोवरा राहतो. कॅमेरा वरून असेल तर बोटीचे टोक आधीच्या फटक्याच्या सर्वांत पुढच्या भोवऱ्याच्या किती पुढे गेल्यावर नवे पाते पाण्यात पडते ते मोजता येते. दोन्ही संघ मिनिटाला ३५ फटक्यांवर असतील आणि एकाचे अंतर जास्त असेल, तर ती बोट मागे दिसत असली तरी हॅमरस्मिथपर्यंत पुढे आलेली असेल.

शिवाजीनगरकर

मापे छापून बोटघरात लावण्यासारखी आहेत. ११४ चे माप कॉलरच्या कोणत्या कडेपर्यंत घ्यायचे?

वल्हेकरी

पात्याकडच्या कडेपर्यंत, म्हणजे कॉलर जिथे ओरलॉकला (खुंटीवरच्या वल्हे अडकवायच्या खाचेला) टेकते तिथे. मूठ रबरी असेल तर तिच्या टोकापासून.